पावडर कोटिंगनंतर बुलेटचे चार्जिंग गेले : जुन्या दुचाकींच्या चार्जिंगविषयी अनुभव आणि चर्चा

डिचोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे काकांनी वापरलेली १९७४ सालची बुलेट ३५० आहे. विजेची यंत्रणा मूळची, म्हणजे ६ व्होल्टची. मागच्या उन्हाळ्यात मी तिचे पूर्ण काम करून घेतले. इंजिन उघडले, रंग खरवडला आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत पुन्हा गंज धरू नये म्हणून साध्या रंगाऐवजी चेसिस, बॅटरीचा ट्रे आणि बारीकसारीक ब्रॅकेटसुद्धा पावडर कोटिंगला (रंगाची कोरडी पूड भाजून बसवलेला थर) दिली. गाडी इतकी देखणी झाली की पहिला आठवडा मी ती केवळ पुसत बसलो होतो.

पावसाळ्यापूर्वीची शेवटची फेरी म्हणून बेळगावला गेलो आणि परतताना चोर्ला घाटात अंधार पडला. हेडलाइट लावताच अँमीटरचा काटा मध्यरेषेच्या डावीकडे, म्हणजे बॅटरी रिकामी होत असल्याच्या बाजूला, झुकला आणि इंजिनाचा वेग वाढवूनही तिथून हलला नाही. उजेड आधी पिवळा झाला, मग तांबूस. केरीजवळ पोहोचेपर्यंत इंजिन मिसफायर करू लागले, कारण या गाडीचे इग्निशनही बॅटरीवरच चालते. ज्याने घाटातल्या वळणावर असा विझत चाललेला दिवा पाहिला आहे, त्याला मी हा धागा का काढला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजात नेली. तिथे प्रायमरी केस उघडून, आतली स्टेटर प्लेट पाहताक्षणीच 'कॉइल जळली' असा निर्णय देण्यात आला. स्टेटर रिवाइंड झाला, साडेतीन हजार रुपये गेले, नवी बॅटरीही घेतली आणि तरीही हेडलाइट लावला की काटा पुन्हा डावीकडेच. तेव्हा मात्र मी गाडी घरी आणली, साडेचारशे रुपयांचा मल्टिमीटर घेतला आणि स्वतः मोजायला बसलो. त्या तीन दिवसांत जे शिकलो ते इथे सविस्तर मांडतो. ज्यांना अधिक माहिती आहे त्यांनी जरूर भर घालावी आणि चूक असेल तिथे दुरुस्त करावे.

आधी यंत्रणेविषयी थोडेसे. आपल्या बुलेटचा अल्टरनेटर डाव्या बाजूच्या प्रायमरी केसमध्ये असतो. क्रँकशाफ्टच्या टोकावर कायमचुंबकाचा रोटर बसवलेला असतो आणि त्याच्याभोवती स्थिर स्टेटर, ज्याच्या लोखंडी दातांवर तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळलेल्या असतात. रोटर फिरला की स्टेटरमध्ये एसी वीज तयार होते. बॅटरीला डीसी लागते, म्हणून मध्ये रेक्टिफायर येतो. या संपूर्ण साखळीत घासणारा एकही भाग नाही, कार्बन (घासत वीज पोहोचवणारा ठोकळा) नाही, कम्युटेटर (कार्बनखाली फिरणारा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) नाही. म्हणूनच स्टेटर अचानक 'जळतो' ही गोष्ट जितक्या सहजपणे सांगितली जाते तितक्या सहजपणे घडत नाही, असे माझे मत झाले आहे.

आता मोजमाप. इंजिन बंद असताना बॅटरी ६.३ व्होल्ट, म्हणजे उत्तम. इंजिन चालू करून, दिवे बंद ठेवून, मध्यम वेगाला ६.५. ६ व्होल्टच्या बॅटरीला नीट चार्ज होण्यासाठी ६.९ ते ७.२ हवेत, त्यामुळे हे कमीच होते. हेडलाइट लावल्यावर ५.८. इथपर्यंतच्या आकड्यांवरून कोणीही अल्टरनेटरवरच बोट ठेवील. पण मग मी स्टेटरच्या तारा रेक्टिफायरपासून सोडवल्या आणि स्वतंत्रपणे तपासल्या. दोन तारांमधला रोध एक ओहमच्याही आत होता आणि कोणत्याही तारेपासून इंजिनाच्या केसपर्यंत मीटर काहीच दाखवत नव्हता, म्हणजे कॉइल अर्थ झालेली, इंजिनाच्या धातूला टेकलेली, नव्हती. इंजिन चालू करून त्याच तारांवर हेडलाइटचा जुना बल्ब थेट जोडला, तर तो पांढराशुभ्र पेटला आणि वेगाबरोबर अधिकच तेजस्वी होत गेला. स्टेटर वीज देत होता आणि ती बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हती.

यानंतर जी चाचणी केली ती प्रत्येकाने आपल्या गाडीवर एकदा तरी करावी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या अर्थ केलेल्या, म्हणजे चेसिसला जोडलेल्या, खांबावर टेकवले, दुसरे इंजिनाच्या उघड्या ॲल्युमिनियमवर, आणि हेडलाइट लावून इंजिन फिरवले. ही दोन्ही टोके विजेच्या दृष्टीने एकच असायला हवीत, म्हणजे वाचन शून्याच्या आसपास, फार तर ०.१ व्होल्ट. माझ्या मीटरवर ०.७ आले. दुसरे टोक रेक्टिफायरच्या मधल्या बोल्टवर नेले तर त्याहूनही जास्त.

तो बोल्ट मी उघडला तेव्हा सगळा उलगडा झाला. ब्रॅकेटवर काळ्या पावडर कोटिंगचा जाड, गुळगुळीत, काचेसारखा थर होता. वॉशरने त्यावर फक्त एक वर्तुळाकार ओरखडा उमटवला होता, खालचे लोखंड कुठेही उघडे पडलेले नव्हते. या रेक्टिफायरचा मधला बोल्ट हाच त्याचा अर्थ असतो. म्हणजे अल्टरनेटरची वीज परत येण्याचा रस्ता बोल्टच्या आट्यांमधून, जिथे चुकून थोडे लोखंड लागले असेल तिथून, कशीबशी वाट काढत होती. बॅटरीच्या अर्थ वायरचे थिंबल (टोकाचे धातूचे कडे) जिथे चेसिसला जोडले होते तिथेही तेच. ज्या कोटिंगचे मला इतके कौतुक होते, ते उत्तम इन्सुलेटरही असते ही गोष्ट माझ्या मनात आलीच नव्हती.

६ व्होल्टच्या गाडीला हे किती बाधते ते साध्या गणिताने कळते. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळजवळ ५.८ अँपिअर घेतो. रस्त्यात कुठेतरी गंजाने किंवा रंगाने केवळ ०.१ ओहमचा अडथळा निर्माण केला तर तिथे ०.५८ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे जवळजवळ १० टक्के. १२ व्होल्टच्या गाडीत तोच बल्ब सुमारे २.९ अँपिअर घेतो आणि तोच अडथळा फक्त ०.२९ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत, खातो. शिवाय तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्यापेक्षा कितीतरी वेगाने घटतो: व्होल्टेज १० टक्के कमी झाले की उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. 'जुन्या बुलेटचा दिवा म्हणजे मेणबत्ती' असे जे सर्रास म्हटले जाते, त्यात गाडीचा दोष किती आणि आपल्या जोडण्यांचा किती, याचा विचार व्हायला हवा.

मी पुढील काम केले. रेक्टिफायरच्या बोल्टखालचे कोटिंग गोलाकार खरवडून लोखंड उघडे केले. तिथून, इंजिनाच्या एका बोल्टपासून आणि हेडलाइटच्या आतून, अशा तीन जाड वायरी थेट बॅटरीच्या अर्थ खांबापर्यंत आणल्या. हेडलाइटची वेगळी वायर विशेष महत्त्वाची आहे, कारण ती नसेल तर तिथली वीज हँडलच्या बेअरिंगच्या गोळ्यांमधून आणि ग्रीसमधून परतते. सगळ्या जोडांवर घट्ट केल्यानंतर व्हॅसलीन लावले. आता दिवे लावून मध्यम वेगाला ६.९ व्होल्ट मिळतात आणि काटा मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे राहतो.

रिवाइंड करण्यासाठी उतरवलेली मूळ कॉइल मात्र मला परत मिळाली नाही, आणि त्याचे वाईट वाटते.

प्रतिसाद : मांडवीकाठ

अतिशय उपयुक्त धागा. माझ्याकडे साठच्या दशकातली एक ट्रायम्फ आहे, त्यामुळे तिच्यावरच्या लुकास या ब्रिटिश कंपनीच्या विजेच्या यंत्रणेविषयी थोडी भर घालतो.

आपण लिहिलेल्या लक्षणांत, म्हणजे दिवसा बरे आणि हेडलाइट लावताच डिस्चार्ज, आणखी एक कारण संभवते. लुकासच्या जुन्या ६ व्होल्ट अल्टरनेटरला व्होल्टेज रेग्युलेटर नव्हताच. स्टेटरमधल्या सहा कॉइलपैकी दिवे बंद असताना एकच जोडी चार्जिंगसाठी वापरली जाई आणि हेडलाइटचा स्विच फिरवला की तोच स्विच सहाही कॉइल कामाला लावी. म्हणजे दिव्याचा स्विच हाच त्या गाडीचा रेग्युलेटर होता. त्याच्या आतले पितळी संपर्क काळे पडले, तर बल्ब पेटतो पण वाढीव कॉइल जोडल्या जात नाहीत आणि अर्धापाऊण तासात बॅटरी रिकामी होते. असा स्विच असलेल्या गाडीत स्टेटर उघडण्याआधी स्विच उघडावा.

पुढे १९६० च्या दशकाच्या मध्याला १२ व्होल्ट आणि झेनर डायोड आले. जास्तीची वीज हा डायोड उष्णतेच्या रूपाने खर्च करतो, म्हणून तो ॲल्युमिनियमच्या जाड तुकड्यावर वारा लागेल असा बसवलेला असतो. ज्यांच्या गाडीवर सेलेनियमच्या चकत्यांचा जुना रेक्टिफायर अजून शाबूत आहे त्यांना कळकळीची विनंती आहे की नट कसताना बोल्टचे डोके पान्याने धरून ठेवावे. मधला बोल्ट फिरला तर चकत्या एकमेकींवर सरकतात आणि आतले जोड तुटतात. असे तीन रेक्टिफायर मी स्वतः पाहिले आहेत, तिन्ही केवळ पान्याच्या चुकीने गेलेले.

अल्टरनेटर तपासण्याची लुकासची जुनी पद्धतही नोंदवतो. स्टेटरच्या दोन तारांमध्ये १ ओहमचा, १०० वॅटपेक्षा जास्त सोसणारा रोध लावावा, इंजिन ३००० फेऱ्यांवर न्यावे आणि एसी व्होल्ट मोजावेत. आर.एम. २१ या अल्टरनेटरला किमान ९ व्होल्ट यायला हवेत. भार न लावता मोजलेले व्होल्ट फसवे असतात. ज्या कॉइलमधून पुरेसा करंट निघत नाही, तीसुद्धा रिकाम्या तारांवर भरघोस आकडा दाखवते.

प्रतिसाद : जुनी_जावा

मी म्हापशाला राहतो. माझी जावा २५० वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. तिला अल्टरनेटर नसून डायनामो आहे, ६ व्होल्ट ४५ वॅट. माझी तक्रार अशी आहे की चार्जिंगचा लाल दिवा इंजिन चालू केल्यावर पूर्ण विझत नाही. वेग वाढवला की मंद होतो, पण रात्री नीट पाहिले तर धुगधुगत असतो. मेस्त्री म्हणतात आर्मेचर बदलावे लागेल. आर्मेचर मिळायला किती फिरावे लागते हे आपण जाणताच. धागाकर्त्यांनी मार्गदर्शन करावे.

डिचोलीकर (धागाकर्ता)

@मांडवीकाठ, स्विचचा मुद्दा मोलाचा आहे. मी तो स्विच सुरुवातीलाच उघडून साफ केला होता, पण लिहिताना राहून गेले.

@जुनी_जावा, माझा अनुभव बुलेटचा असल्यामुळे डायनामोविषयी मी इथल्याच एका जाणकार सदस्यांना विचारून लिहिणार होतो. त्यांनीच उत्तर द्यावे अशी त्यांना विनंती केली आहे.

प्रतिसाद : कुशावती

धागाकर्त्यांनी आठवण केली म्हणून लिहितो. मडगावात मी सत्तावीस वर्षे ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम केले, आता दृष्टी साथ देत नाही म्हणून थांबलो आहे.

जावाचा लाल दिवा हा फुकट मिळालेला मीटर आहे, फक्त तो वाचता आला पाहिजे. या दिव्याचे एक टोक इग्निशन स्विचमार्गे बॅटरीला आणि दुसरे डायनामोच्या कार्बनला जोडलेले असते. इंजिन बंद असताना चावी दिली की बॅटरीची वीज दिव्यातून, कार्बनमधून, आर्मेचरमधून अर्थला जाते आणि दिवा पेटतो. म्हणून चावी दिल्यावर दिवा पेटलाच नाही आणि बल्ब चांगला आहे, तर कार्बन झिजून कम्युटेटरला टेकत नाही, असे समजावे. आपला दिवा चावी दिल्यावर पूर्ण पेटत असेल तर तो रस्ता ठीक आहे.

इंजिन चालू झाल्यावर डायनामोचे व्होल्टेज बॅटरीच्या वर गेले की कटआउटचे (डायनामो बॅटरीला आपोआप जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट मिटतात आणि दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज येते, म्हणून तो विझतो. आता दिवा धुगधुगतो याचा अर्थ दोन टोकांमध्ये अजून फरक आहे. म्हणजे पॉइंट मिटले तरी त्यांच्यात रोध आहे, किंवा डायनामोपासून बॅटरीपर्यंतच्या वायरीत एखादा जोड खराब आहे. आर्मेचर जळलेले असते तर दिवा वेग वाढवूनही ठळक राहिला असता. आर्मेचर शोधायला जाऊ नका. आधी कटआउटचे पॉइंट जाड कागदाची पट्टी मध्ये धरून हलकेच ओढून साफ करा, एमरी पेपर लावू नका. मग डायनामोपासून निघालेल्या जाड वायरीचे दोन्ही जोड उघडून पाहा.

त्याच हाताने उजवीकडचे कव्हर काढून कम्युटेटर पाहून घ्या. निरोगी कम्युटेटर तपकिरी, चॉकलेटसारखा दिसतो. तो ओला, काळा आणि तेलकट असेल तर त्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील गळते आहे आणि सील बदलल्याशिवाय साफसफाईचा उपयोग दोन आठवडेही टिकणार नाही. टू-स्ट्रोक गाडीत हे फार होते. पेट्रोलने भिजवलेल्या कापडाने तो पुसावा. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या पातळीला आला असेल तर तो हॅकसॉच्या घासून बारीक केलेल्या पात्याने सुमारे पाऊण मिलिमीटर खोल कोरावा, नाहीतर कार्बन अभ्रकावरून उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात.

आणि एक हिशोब लक्षात ठेवा. डायनामो ४५ वॅटचा, तोही पुरेशा वेगाला. हेडलाइट ३५, मागचा दिवा ५, आणि इग्निशन कॉइलचे वेगळे. म्हणजे रात्री गावातल्या गावात सावकाश फिरताना बॅटरी थोडी थोडी रिकामी होणारच. तो दोष नव्हे, ती त्या यंत्राची मर्यादा आहे. लांब पल्ल्याला मोकळ्या रस्त्यावर ती भरून निघते.

प्रतिसाद : आग्वाद

धागा वाचनीय आहे, परंतु त्यातून 'अल्टरनेटर कधी बिघडतच नाही' असा समज होऊ नये, म्हणून माझा अनुभव वेगळा असल्याचे नमूद करतो. माझ्या बुलेटमध्ये सगळे अर्थ उत्तम होते, जोड स्वच्छ होते, तरीही उत्पादन अर्धेच. प्रायमरी केस उघडल्यावर दिसले की रोटर एका बाजूने स्टेटरला घासत होता आणि दातांवर चमकदार पट्टा उमटला होता. स्टेटरचे नट कोणीतरी घाईत, गॅप न पाहता कसले होते. रोटर आणि स्टेटर यांच्यात सर्व बाजूंनी किमान ०.२ मिलिमीटर, म्हणजे ८ थाऊ (इंचाचे हजारांश), अंतर हवे. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) गोल फिरवून सहा ठिकाणी पाहावे लागते, एका ठिकाणी पाहून चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सैल पडलेली प्रायमरी चेन. माझ्या भावाच्या गाडीत तिने स्टेटरच्या वायरीचे आवरण खरवडून तार केसला टेकवली होती. ती वायर रबरी बुशातून बाहेर येते तिथेही तेलाने इन्सुलेशन कडक होऊन तडकते. हे सारे अल्टरनेटरचेच दोष आहेत आणि रेक्टिफायरचा बोल्ट कितीही खरवडला तरी ते जाणार नाहीत.

प्रतिसाद : मांडवीकाठ

@आग्वाद यांच्याशी मी सहमत आहे. लुकासच्या रोटरमध्ये आणखी एक दोष आढळतो, आणि तो ओळखला नाही तर फार मोठा खर्च होतो. रोटरचा मधला पोलादी बुश बाहेरच्या चुंबकाच्या भागात सैल होतो. मग मंद वेगाला प्रायमरी केसमधून असा ठोका येतो की ऐकणाऱ्याला बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँककडचे बेअरिंग) गेला असे वाटते. संपूर्ण इंजिन खोलण्यापूर्वी रोटर काढून, मधला बुश घट्ट धरून बाहेरचा भाग हाताने फिरवून पाहावा. किंचित जरी हलला तरी तो बदलावा.

डिचोलीकर (धागाकर्ता)

@आग्वाद, आपली हरकत योग्य आहे आणि मी ती मान्य करतो. माझा आग्रह एवढाच आहे की आधी मोजावे आणि मग उघडावे. गॅप चुकलेला असला किंवा वायर खरवडलेली असली, तरी बल्बच्या किंवा १ ओहमच्या चाचणीत ते दिसतेच. माझ्या बाबतीत मोजमाप न करता केस उघडला गेला, हेच मला खटकते.

प्रतिसाद : पिवळा_मडगार्ड

मी पणजीत बावीस वर्षे पायलटचा, म्हणजे दुचाकी टॅक्सीचा, धंदा केला. सुरुवातीला राजदूत १७५ आणि नंतर यामाहा आर.एक्स. १००. पुढचे पिवळे मडगार्ड अजून घरी जपून ठेवले आहे. आमच्या धंद्यात गाडी दिवसातून चाळीस वेळा बंद-चालू होते आणि पावसात ती झाकायला जागा नसते, म्हणून विजेचे दोष आम्हाला इतरांपेक्षा लवकर कळतात.

इथे आतापर्यंत ज्या गाड्यांची चर्चा झाली त्यांत अर्थ खराब झाला की दिवा मंद होतो. आर.एक्स. १०० मध्ये मात्र उलटेही घडते. तिचा हेडलाइट थेट मॅग्नेटच्या लाइटिंग कॉइलवर एसीने चालतो, बॅटरीवर नाही, म्हणूनच सिग्नलला थांबले की तो मंद होतो आणि ॲक्सिलरेटर दिला की उजळतो. व्होल्टेज मर्यादेत ठेवायचे काम रेग्युलेटर करतो, जास्तीची वीज अर्थकडे वळवून. त्याचाच अर्थ तुटला तर वीज वळवायला जागा राहत नाही आणि हेडलाइटचे बल्ब एकामागून एक उडतात. एका पावसाळ्यात माझे पाच बल्ब गेले. सहावा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने, जो स्वतः मेस्त्री नव्हता, विचारले की रेग्युलेटरच्या बोल्टखाली गंज आहे का पाहिलेत का. बोल्ट काढला तर खाली लाल चिखलासारखा गंज होता. त्यानंतर तो बल्ब दोन वर्षे टिकला.

नव्या मंडळींना सांगणे आहे की बॅटरी खराब झाली म्हणून ती काढून टाकून गाडी चालवू नये. चार्जिंगच्या बाजूला बॅटरीच व्होल्टेजला धरून ठेवते.

प्रतिसाद : शापोरा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. एवढा त्रास घेण्यापेक्षा ६ व्होल्टची गाडी सरळ १२ व्होल्टची करून घेणे योग्य नाही का? माझी गाडी ५२ वर्षांची आहे आणि तिची विंटेज म्हणून नोंदणी करण्याचा विचार आहे. तिथे अडचण येईल का?

प्रतिसाद : कुशावती

बदल करता येतो आणि कायमचुंबकाच्या अल्टरनेटरला तो सोपा जातो. अल्टरनेटर स्वतः ६ किंवा १२ व्होल्टचा नसतो. वेग वाढेल तसे त्याचे व्होल्टेज वाढते, त्याला ६ वर बांधून ठेवते ती बॅटरी. म्हणून बऱ्याचदा स्टेटर तोच ठेवून, त्याच्या सगळ्या कॉइल कायम कामात राहतील अशी जोडणी करून, १२ व्होल्टचा रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवला की भागते. बॅटरी, सगळे बल्ब, इग्निशन कॉइल आणि हॉर्न मात्र बदलावे लागतात. मंद वेगाला चार्जिंग थोडे उशिरा सुरू होते.

एक गोष्ट आधी तपासा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब अर्थ केलेला असतो आणि लुकासच्या वायरिंगमध्ये लाल वायर म्हणजे अर्थ. आजच्या सवयीने लाल वायर पाहून कोणी बॅटरी उलटी जोडली तर नवा रेक्टिफायर त्याच क्षणी जातो. असे अर्ध्या सेकंदात गेलेले रेक्टिफायर मी मोजायचे सोडून दिले होते.

जावासारख्या डायनामोला हा नियम लागू नाही. तिथे फील्ड कॉइल (चुंबकत्व निर्माण करणारी कॉइल) आणि रेग्युलेटर यांचाही विचार करावा लागतो.

प्रतिसाद : मांडवीकाठ

@शापोरा, नोंदणीविषयी : केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते आणि तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मूळ स्वरूप बिघडवणारे मोठे बदल म्हणून त्या नियमांत चेसिस, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे, बॅटरीच्या व्होल्टेजचा नाही. तरीही माझे वैयक्तिक मत असे आहे की काढलेला प्रत्येक ६ व्होल्टचा भाग चिठ्ठी लावून डब्यात जपून ठेवावा आणि मूळ वायरिंग कापू नये, नवे वायरिंग शेजारून न्यावे. पुढच्या मालकाला गाडी पूर्ववत करता आली पाहिजे. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरात ठेवता येत नाही, हेही विचारात घ्यावे.

प्रतिसाद : तीनशे_पन्नास

राजदूत ३५० वाल्यांसाठी दोन ओळी. ही गाडी १९८३ पासून आली आणि तिचा अल्टरनेटर वरच्या सर्वांपेक्षा वेगळा आहे. तिच्या रोटरमध्ये कायमचुंबक नसून कॉइल असते आणि त्या कॉइलला कार्बनमधून बॅटरीची वीज मिळते. म्हणून बॅटरी पार मेली तर धक्का मारूनही चार्जिंग सुरू होत नाही. चार्जिंग गेले की सर्वप्रथम हे कार्बन काढून त्यांची लांबी आणि स्प्रिंग पाहावी. इंजिन बंद ठेवून, चावी देऊन, रोटरजवळ लोखंडी स्क्रूड्रायव्हर नेला आणि तो खेचला गेला तर फील्डला वीज पोहोचते आहे.

प्रतिसाद : आग्वाद

ही स्क्रूड्रायव्हरची चाचणी मला नवी आहे. धन्यवाद.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवण्याविषयीही कोणी लिहावे. आमच्याकडे कांदोळीला समुद्र दोनशे मीटरवर आहे आणि जून ते सप्टेंबर मी गाडी काढतच नाही.

प्रतिसाद : कुशावती

बॅटरी गाडीतून काढून घरात, कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा कमी करंटने चार्ज करा. लेड-ॲसिड बॅटरी उभ्या उभ्या रिकामी होते आणि रिकाम्या अवस्थेत राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसते. १२ व्होल्टची विश्रांतीतली बॅटरी १२.६ दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.० दाखवत असेल तर जवळजवळ तीन-चतुर्थांश रिकामी. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. विहिरीचे पाणी, ते कितीही गोड लागत असले तरी, नाही.

आपल्या हवेत वायरीचे टोक बाहेरून चांगले दिसते, पण आवरणाच्या आत हिरवा गंज सरकत जातो. थिंबलपासून दोन इंच मागे आवरण कापून पाहा. तांब्याच्या तारा चमकदार नसून काळ्या किंवा हिरव्या पुडीसारख्या सुटत असतील, तर नवे थिंबल लावून उपयोग नाही, तो सगळा तुकडा बदला. नव्या थिंबलला नुसते दाबू नका, डागही द्या (सोल्डर करा) आणि वरून ट्यूब चढवा.

प्रतिसाद : जुनी_जावा

सर्वांचे, विशेषतः @कुशावती यांचे, मनापासून आभार. रविवारी सकाळी बसून काम केले, ते कळवतो.

कटआउटचे पॉइंट खरोखरच काळे होते. कागदाची पट्टी तीन वेळा ओढली, तिसऱ्या वेळी ती जवळजवळ स्वच्छ आली. दिवा बराच मंद झाला पण गेला नाही. मग डायनामोच्या जाड वायरीचा मागोवा घेतला, तर सीटखाली वडिलांच्या काळात कोणीतरी ती कापून, पीळ देऊन, इन्सुलेशन टेपने गुंडाळून जोडलेली आढळली. टेप उघडली तेव्हा आत तांबे नावालाच होते, बाकी हिरवी भुकटी बोटांवर आली. तो तुकडा काढून नवी वायर घातली, डाग दिला. कम्युटेटर आपण म्हणालात तसा तपकिरीच आहे, तेल नाही, म्हणून त्याला हात लावला नाही.

रात्री जेवणानंतर म्हापशाहून शिवोलीपर्यंत जाऊन आलो. हेडलाइट लावून बॅटरीवर ७ व्होल्ट मिळाले. लाल दिवा विझला आहे की त्याचा बल्बच गेला, या शंकेने मी वाटेत दोनदा थांबून, इंजिन बंद करून, चावी फिरवून पाहिले. दोन्ही वेळा तो पेटला, आणि किक मारताच विझला.